कोकण किनाऱ्यावर आठ महिने कॅम्पर व्हॅन: काय टिकलं, काय काढून टाकलं

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या उंच छपराच्या बॉडीवर बांधलेली, दोघांपुरती. वापर ऑक्टोबर ते मे, सगळा मांडवा ते रेडी या पट्ट्यात. पहिली लांब सहल आखताना बहुतेकांचा वेळ बेड कसा घडी होईल आणि ओटा कुठे बसेल यात जातो. किनाऱ्यावर हे दोन्ही प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे. रात्री आत हवा खेळते का आणि गाडी सावलीत उभी असली तरी फ्रिज चालू राहतो का, यावरच सहल पाचव्या दिवशी आवरायची की पंधराव्या, ते ठरतं.

छतातला पंखा (३६ सेंमी चौकोनी भोक, १२ व्होल्ट, पूर्ण वेगात ३० वॉट) ही या गाडीतली सगळ्यात वसूल वस्तू. मात्र तो चालवायची रीत आहे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून लावला तर तो जवळच्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर फेकतो, बिछान्यावर झुळूकसुद्धा येत नाही. पंखा हवा बाहेर टाकणाऱ्या दिशेला ठेवायचा, बाकी सगळं बंद करायचं आणि उशाजवळची एकच खिडकी चार बोटं उघडायची. सगळी हवा मग अंगावरूनच जाते. गाडी उभी करण्याची दिशाही महत्त्वाची. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. झोपताना उशाची खिडकी पूर्वेला हवी. मागच्या दारातून समुद्र दिसावा म्हणून उलटी लावलेली गाडी रात्रभर उकडते. तिन्हीसांजेनंतर वारा बदलताना मध्ये तास-दोन तास हवा ठप्प असते, त्यासाठी क्लिपचा एक छोटा पंखा वेगळा ठेवावा. जाळी नेहमीची मच्छरदाणीची लावली तर खाडीकाठची चिलटं तिच्यातून आरामात आत येतात. बारीक जाळी लावली की हवा कमी होते. दोन्ही जाळ्या वेल्क्रोवर ठेवून जागा बघून बदलणं, एवढाच मार्ग सापडला.

एसीबद्दल थोडक्यात: एक टनाचा इन्व्हर्टर एसी २.५ युनिट साठवणाऱ्या बॅटरीवर तीन-चार तासांत बॅटरी बसवतो. होमस्टेच्या अंगणात वायर जोडून तो ठीक, एरवी छपरावरचं ओझं.

आता वीज. बॅटरी १२.८ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे २,५६० वॉट-तास; हिशेबात २,१०० धरावेत. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो. जानेवारीत तो तासातली २०-२२ मिनिटं चालतो, दिवसाला सुमारे ४०० वॉट-तास. एप्रिल-मेमध्ये तोच तासाला ४० मिनिटं चालतो आणि आकडा ७०० वर जातो. पंख्याचे २५०, दिवे-पंप-मोबाइल मिळून १५०-२००. म्हणजे हिवाळ्यात दिवसाला ८५०, उन्हाळ्यात दुसरा पंखा धरून १,४०० च्या आसपास. फ्रिजच्या मागे आणि बाजूंना किमान ५ सेंमी मोकळी जागा आणि कपाटाला खाली-वर जाळी नसेल, तर हे आकडे विसरा. तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकत राहतो.

छतावर ३३० वॉटची पॅनेल आहेत. जानेवारीच्या लख्ख उन्हात ती दिवसाला १,१०० ते १,२०० वॉट-तास देतात. अडचण अशी की कोकणात माणूस गाडी उन्हात लावतच नाही. माडांच्या बनात तीच पॅनेल ३०० देतात. एका झावळीची सावली पॅनेलवर आडवी पडली तरी सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडलेल्या सगळ्या पॅनेलचा प्रवाह पडतो. म्हणून इथे पॅरलल, म्हणजे प्रत्येक पॅनेलची स्वतंत्र, जोडणी घ्यावी. आणि माडाखाली गाडी लावूच नये, ते वेगळंच. नारळ पडला तर पॅनेलची काच जाते, तेव्हा आंबा-फणसाच्या कडेला उभं राहावं.

खरा भरवसा गाडीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर. मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला की तासाला साधारण ४०० वॉट-तास भरतात. किनाऱ्याच्या रस्त्याने दोन मुक्कामांत दीड-दोन तास जातातच, तेवढ्यात हिवाळ्यातला दिवसाचा खर्च जवळपास निघतो. काही गॅरेजवाले हा चार्जर वाचवून नुसता रिले (दोन बॅटऱ्या थेट जोडणारा आपोआप चालणारा स्विच) लावून देतात. रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि कमी वेगात, घाटात, अल्टरनेटर तापून जळतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. १,००० वॉटच्या इन्व्हर्टरला ९०-१०० अँपिअर लागतात, त्याला ३५ चौरस मिमीची वायर घ्यावी, तीही कथिलाचा मुलामा असलेली. साध्या तांब्याच्या वायरी चार महिन्यांत लग्जपाशी (टोकाच्या धातूच्या कड्यांपाशी) हिरव्या पडल्या. जोड तापू लागला की फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद होतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात.

होमस्टेतून वीज घेताना आधी प्लगचं अर्थिंग टेस्टरने बघावं. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. संध्याकाळी व्होल्टेज बरंच खाली येतं, त्यामुळे १७० व्होल्टलाही चालणारा चार्जर निवडावा.

खारी हवा काय करते? ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या स्क्रूंवर दोन महिन्यांत तपकिरी डाग आले, ३१६ चे अजून स्वच्छ आहेत. साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचे कप्पे कडेने फुगले. आयएस ७१० चा मरीन प्लाय, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावलेला, तसाच आहे. भिंतींत काचलोकर भरू नये, ती ओल धरते आणि आतून पत्रा गंजतो. बंद पेशींचा नायट्रिल फोम चिकटवावा. गादीखाली अखंड फळी ठेवली की घामाची वाफ खाली थंड होऊन बुरशी येते. दोन बोटांची फट ठेवून पट्ट्या मारल्यावर तो त्रास गेला.

बांधणीआधीची कागदपत्रं टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलांना आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते. मोटर कॅराव्हॅनसाठीचं मानक एआयएस-१२४ आहे. विमा कंपनीलाही कळवावं. सगळं सामान, पाणी, माणसं भरून एकदा वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा मोजावा. पाण्याची टाकी, बॅटरी आणि गॅस मागेच बसवायची सवय असते, त्यामुळे एकूण वजन नियमात असूनही मागचे टायर त्यांच्या क्षमतेपलीकडे जातात.

रस्ता ठरवताना किलोमीटर मोजण्यापेक्षा फेरीबोटी मोजाव्यात. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्या थेट चढवता येणारी बोट), मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. त्यांच्यामुळे खाड्यांचे लांबलचक वळसे वाचतात. दिवसाला ६० किमीच्या वर आखणी केली की बिघडते. पहिल्या सहलीला बारा दिवस धरावेत आणि दोन ठिकाणी सलग दोन रात्री राहावं. आमची निवड गुहागर-वेळणेश्वर पट्टा आणि मालवणच्या अलीकडचं आचरा.

फेरीबोटीवर अडचण येते ओहोटीला. रॅम्प आणि जेट्टी यांच्यातला कोन तीव्र होतो आणि ट्रॅव्हलरचा मागचा लांब भाग घासतो. खाली लोंबणारी पायरी किंवा पाण्याचा नळ तिथेच तुटतो. त्यामुळे भरती अर्धी चढलेली असताना बोटीवर चढावं. वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशेब पुरेसा अचूक आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, भरती सहाच्या सुमारास, षष्ठीला साडेचार. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली जातं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) फरक कमी. पुळणीवर गाडी उतरवायचा मोह याच हिशेबाने मोडावा. तीन टनांची गाडी ओल्या वाळूत रुतली आणि पाणी चढू लागलं, तर गावातला ट्रॅक्टर वेळेत पोचेलच असं नाही.

नकाशावरचा जवळचा रस्ता बऱ्याचदा दोन गडग्यांमधली बोळ निघते. पॅनेलसह आमची उंची २.८ मीटर, वाड्यांमधल्या विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या याच उंचीला असतात. उंची डॅशबोर्डवर लिहून चिकटवावी आणि शंका आली की एकाने खाली उतरून पुढे चालावं.

गॅससाठी ५ किलोची छोटी टाकी पुरते, दोघांच्या दोन वेळच्या जेवणाला महिनाभर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, वरच्या झरोक्याचा उपयोग नाही. बोटीवर चढण्याआधी रेग्युलेटर बंद.

पाणी अंघोळ सोडून माणशी ८ ते १० लिटर लागतं. ६० लिटरची टाकी आणि २० लिटरचा एक जार, दोघांचे चार दिवस निघतात. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं, म्हणून भरण्याआधी घोटभर चाखावं. पंपाच्या आधी जाळीचं फिल्टर नसेल तर बारीक वाळू त्याचा व्हॉल्व्ह धरते आणि नळ बंद असतानाही पंप रात्री मधूनच टकटकत राहतो.

सुट्या टॉयलेटची २० लिटरची खालची टाकी दोघांना अडीच दिवस. ती होमस्टेच्या शौचालयात विचारूनच रिकामी करायची. फॉर्मल्डिहाइडचं निळं रसायन वापरत असाल तर यजमानाच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढच्या वेळी दार उघडलं जात नाही. एन्झाइमवालं द्रावण घ्यावं. उन्हाळ्यात त्याची मात्रा दीडपट लागते.

परतल्यावर लगेच तळाला गोड्या पाण्याचा फवारा, विशेषतः चाकांच्या वरचा भाग, स्प्रिंगच्या पानांमधल्या फटी आणि चॅसीच्या भोकांच्या आत. वॉशिंगवाले वर ऑइलचा फवारा मारून देऊ म्हणतात, तो नको म्हणून सांगावं: वाळू चिकटून बसते आणि रबरी बुश फुगतात.