लघवीच्या कागदावर थायरॉइडचा रिपोर्ट

माझ्या बहिणीला मुलगी झाली त्याच संध्याकाळी पांढरा कोट घातलेला एक तरुण खोलीत आला. "ताई, सुई नाही, टोचणं नाही. बाळाच्या शूवरून शंभरावर आनुवंशिक आजार कळतात." बाळंतिणीला अजून धड बसता येत नव्हतं, बाळाला टोचणार नाहीत एवढंच तिच्या मनात राहिलं. त्याने लंगोटात फिल्टर पेपर ठेवला, ओला झाल्यावर पाकिटात घातला आणि साडेपाच हजार रुपये स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड दाखवून घेतले. पावती मागून येईल म्हणाला. ती आलीच नाही.

काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. बाळाच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, "रक्त कधी घेतलं?" कारण त्यात थायरॉइड आणि जी-सिक्स-पीडीही नॉर्मल लिहिलं होतं. बाळाच्या थायरॉइडसाठी टाचेच्या रक्तातलं टीएसएच हे हार्मोन बघतात, आणि जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम आहे. लघवीत ही दोन्ही सापडायची कशी?

लघवीची तपासणीच खोटी, असं मात्र कुणी समजू नका. नॉर्वेत १९३४ साली डॉक्टर फॉलिंग यांना पीकेयू, म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा आनुवंशिक आजार, सापडला तो लघवीतच. फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. आजही ऑर्गॅनिक ॲसिडचे विकार, म्हणजे शरीरात आम्लं साठत जाणारे आजार, ओळखायला लघवी जीसी-एमएस या यंत्रावर तपासतात. पण पीकेयूची खूण लघवीत उतरायला काही आठवडेही लागतात. म्हणून तर पुढे टाचेच्या रक्ताचा ठिपका घ्यायची पद्धत आली. पहिल्याच दिवशीच्या लघवीवरून पीकेयू नाही असं छातीठोक लिहून देणं ही शुद्ध फसवणूक आहे.

रिपोर्टवर ज्या लॅबचं नाव होतं तिचा नंबर आम्ही दुसरीकडून मिळवला. हा सॅम्पल आमच्याकडे आलेलाच नाही, असं तिथून सांगितलं. एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था; रिपोर्टवर छापलेला तिचा क्रमांक तिच्या वेबसाइटवर टाकला, तर लॅब भलतीच निघाली.

पैशांपेक्षा मला राग त्या 'नॉर्मल' शब्दाचा येतो. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत औषधावर आली तर बाळाचा मेंदू वाचतो, आणि असा कागद हातात असला की खरी तपासणी कुणी करतच नाही. आमच्या डॉक्टरांनी लगेच टीएसएच करून घेतलं. ते ठीक आलं.

खोलीत येऊन कुणी सॅम्पल मागितला तर आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि पैसे लॅबच्या खात्यावरच, पावती घेऊन द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तो तरुण आता फोन उचलत नाही.