‘हातानं काढलेलं’ अक्षर साडेअठरा हजारांना पडलं

माझ्या पाकिटावर ‘मिरची मसाला’ असं लिहिलंय. त्यात ‘म’ दोनदा येतो. आठ महिने मी रोज ते स्टिकर चिकटवत होते, तरी ते दोन्ही ‘म’ अगदी जुळे आहेत हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नाही.

नागपूरच्या नंदनवन भागात घरीच माझा मसाल्याचा धंदा आहे. मिरची कळमन्याच्या बाजारातून, कांडप शेजारच्या गल्लीत, पॅकिंग मी आणि सासूबाई. आधी पाकिटावर संगणकावरची साधी ठोकळेबाज अक्षरं होती. घरगुती माल आहे तर अक्षरही घरगुती, थोडं खेळकर, आजीनं बरणीवर चिठ्ठी लावल्यासारखं हवं असं मनात आलं. ओळखीच्या एकीनं धरमपेठेतल्या डिझायनरचा नंबर दिला.

माणूस बोलायला गोड. टेबलावर ब्रश, शाई, रेघोट्यांनी भरलेली वही. “मॅडम, फॉन्ट तं सगळेच वापरून राहिले. तुमचं आपण हातानं काढू. असं अक्षर आख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणाकडे दिसणार नाही.” लोगोचे पंधरा हजार ठरले. पुढे पाकिटाच्या मागचा मजकूरही त्याच अक्षरात पाहिजे म्हटल्यावर, “मग त्याचा फॉन्ट बनवावा लागते, त्याचं लायसन वेगळं,” म्हणून आणखी साडेतीन हजार घेतले. वर सोनेरी किनारीचं, लॅमिनेशन केलेलं, अक्षराच्या मालकीचं सर्टिफिकेट दिलं. मी ते देवघराशेजारी लावलं, आता काय सांगू.

उन्हाळ्यात बचत गटांचं प्रदर्शन होतं. माझ्यापासून चौथ्या टेबलावर पुरणपोळीवाल्या ताईंचा फलक होता. मला आधी वाटलं, आपलाच फलक चुकून तिकडे लागला. तोच तिरपेपणा, तीच स्केचपेननं लिहिल्यासारखी गोल टोकं. विचारलं तर त्या म्हणाल्या, “अहो, हातानं काढून घेतलंय आम्ही. बारा हजार दिले.” माणूस तोच. त्यांच्याकडेही सर्टिफिकेट.

घरी येऊन पुतण्याला पाकिटाची पीडीएफ उघडायला सांगितली. छपाईवाल्यांकडे फाईल देताना अक्षरं ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे त्यांची नुसती चित्रं होतात आणि फॉन्टचं नाव उरत नाही. समोरचा लोगो डिझायनरनं कर्व्ह केला होता. मागचा मजकूर करायचा विसरला. पुतण्यानं फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट्सची यादी काढली. कुठलीतरी सहा इंग्रजी अक्षरं, अधिकचं चिन्ह, आणि पुढे नाव: कलम बोल्ड.

कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा हस्ताक्षरासारखा फॉन्ट. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या आहेत. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, आणि त्याचा ओपन फॉन्ट लायसन्स धंद्यासाठी वापरायलाही मोकळीक देतो. तो नुसता फॉन्ट म्हणून विकायला मात्र त्यात मनाई आहे. रोज कळमन्याला जाणाऱ्या बाईला कलम ओळखता आला नाही, यावर घरात अजून हसतात.

पुतण्यानं त्याच फॉन्टमध्ये ‘मिरची मसाला’ टाइप करून स्टिकरच्याच मापात छापलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. वेलांटीचा वळसा, ‘र’चं शेपूट, काही म्हणता काही हललं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा दोन ‘म’ शेजारी ठेवून बघितले. माणसाच्या हातातून दोनदा तोच ‘म’ इतका तंतोतंत उतरत नाही. अर्थात एवढ्या एका खुणेवर विसंबू नका. काही हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे दोन-तीन अवतार असतात आणि ते आलटून पालटून येतात. फाईलमधली यादीच बघा, आणि डिझायनरकडून कर्व्ह न केलेली फाईलही मागून घ्या.

त्या यादीत दुसरं एक नाव होतं, त्यानं खरा घाम फोडला. पाकिटावर इंग्रजीत ‘होममेड’ असं झोकदार लिहिलंय, त्या फॉन्टच्या नावाच्या शेवटी ‘पर्सनल यूज ओन्ली’. म्हणजे लग्नपत्रिकेला, घरच्या वाढदिवसाला चालेल, विकायच्या मालावर नाही. कलममध्ये माझे पैसे गेले, पण कायद्यानं मी कुठे अडकले नव्हते. इथे परवानगीशिवाय धंदा मी करत होते, पाकीट माझं, नाव माझं. नोटीस आली असती तर डिझायनरच्या नव्हे, माझ्या दारात. तो शब्द दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

सर्टिफिकेट वकिलीणबाईंना दाखवलं. त्यांनी उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “सही कुठे आहे?” सही नव्हतीच, नुसता शिक्का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनं द्यावा लागतो. पैसे मोजले म्हणून लोगो आपोआप आपल्या मालकीचा होत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आणि इथे तर फॉन्टची अक्षरं डिझायनरचीही नव्हती. देणार काय होता, डोंबल?

त्याला फोन केला. आधी म्हणाला, “प्रेरणा घेतली आहे मॅडम.” मग, “सगळेच असंच करून राहिले.” लायसनचा साडेतीन हजारांचा विषय काढला आणि पावतीचा फोटो पाठवला, तेव्हा तेवढे परत आले. पंधरा हजार गेले ते गेले. पुरणपोळीवाल्या ताईंनी तर फोनच केला नाही, “जाऊ द्या हो, फलक छान दिसते,” म्हणाल्या. दिसतो छान, खोटं कशाला बोलू. फॉन्टवर माझा राग नाहीच. फुकटात मिळणारी वस्तू हातची म्हणून विकली, राग त्याचा आहे. मागचा मजकूर मी अजून कलममध्येच छापते, आता राजरोस.

पाकिटावरचं नाव नव्यानं महाल भागातल्या एका पाट्या रंगवणाऱ्या काकांकडून लिहून घेतलं, अडीच हजारांत. समोर बसून. त्यांनी सात वेळा लिहिलं, आम्ही तिसरं निवडलं. पावतीवरच हक्क माझ्याकडे दिल्याचं वकिलीणबाईंनी सांगितलेलं वाक्य लिहून त्यांची सही घेतली. काका सही करताना म्हणाले, “बाई, एवढ्याशा ‘म’साठी स्टॅम्पपेपर नाही आणला ना?”

जुने स्टिकर अजून हजारभर उरलेत. ‘होममेड’वर काळ्या मार्करनं रेघ मारून ते पन्नास ग्रॅमच्या पाकिटांना लावते आहे.