एल्डन रिंगमधले देव आले कुठून? फॅन थिअऱ्या पाच महिने पडताळून पाहिल्यावर

फ्रॉमसॉफ्टवेअरची एल्डन रिंग ही व्हिडिओ गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आली आणि तिचा विस्तार, शॅडो ऑफ द एर्डट्री, २१ जून २०२४ ला. मधल्या काळात देवांच्या उगमाबद्दल ढीगभर थिअऱ्या रचल्या गेल्या. गेमच्या जगावर सत्ता असलेली देवी मारिका कोण, तिला देवपण कुणी दिलं, ग्रेटर विल ही तिच्याही वरची अदृश्य शक्ती खरंच काही बोलते का, यावर खूप रण माजलं. विस्तारानं त्यातल्या बऱ्याच थिअऱ्यांचा पेपर तपासून दिला, म्हणून त्यांना आता नीट गुण देता येतात. गेल्या पाच महिन्यांत मूळ गेम आणि विस्तार दोनदा पूर्ण करताना प्रत्येक थिअरी हाताशी ठेवली: कोणती वस्तू तिला आधार देते, कोणती तिच्या विरोधात जाते, कोणता संवाद कोणाच्या तोंडी आहे. पुढे दोन्हींचा शेवट उघड केला आहे. अजून खेळला नसाल तर आधी खेळून या.

सुरुवात मारिकाचा नवरा राडागॉन याच्यापासून, कारण इथे थिअरीची गरजच उरत नाही. गेम स्वतः पुरावा देते, फक्त तो मिळवावा लागतो. लेंडेल या राजधानीतल्या एर्डट्री सँक्च्युअरीतून गोल्डन ऑर्डर प्रिन्सिपिया हे प्रार्थनापुस्तक उचला. ते चर्च ऑफ व्हाउजमधल्या मिरिएलला, म्हणजे त्या कासवाला, किंवा ब्रदर कॉर्हिनला द्या आणि त्याच्याकडून लॉ ऑफ रिग्रेशन हा मंत्र विकत घ्या. मंत्राला पात्राचा इंटेलिजन्स हा गुण ३७ लागतो, आणि बरेच जण इथेच अडतात. पण तेवढी लेव्हल वाढवायची गरज नाही. ट्विनसेज ग्लिंटस्टोन क्राउन घातला की ६ वाढतात, स्टारगेझर एअरलूमनं ५, आणि फ्लास्कमध्ये इंटेलिजन्स-नॉट क्रिस्टल टिअर मिसळला की तीन मिनिटांपुरते १०. म्हणजे मूळ १६ असला तरी काम भागतं. शहरातल्या राडागॉनच्या पुतळ्यासमोर, जमिनीवरच्या संदेशाजवळ, मंत्र म्हणा. पुतळ्याचं रूप बदलतं आणि राडागॉन हाच मारिका असल्याचा मजकूर उमटतो. मॅलिकेथ या बॉसला हरवलं की राजधानी राखेत जाते, म्हणून हे त्याआधीच उरकून घ्या. पुढे गेलात तर नवा खेळ सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही.

या एका पुतळ्यानं चाहत्यांना एक वाईट सवय लावली. एक पात्र दुसरंच निघालं, म्हणून सगळीच पात्रं दुसरी कुणीतरी असणार, असं गृहीत धरलं गेलं. खेळाडूची सोबतीण मेलिना म्हणजे ग्लोम-आइड क्वीन ही जुनी राणी, ग्लोम-आइड क्वीन म्हणजे मारिका, अशा साखळ्या जोडल्या गेल्या. पाच महिन्यांत सर्वांत कमी कामाला आलेल्या थिअऱ्या याच. राडागॉनच्या बाबतीत डेव्हलपरनं पुतळा, मंत्र, संदेश आणि शेवटची लढाई असे चार स्वतंत्र दुवे ठेवले. बाकीच्या 'अमुक म्हणजेच तमुक' थिअऱ्यांत बहुतेक वेळा एकच दुवा असतो आणि तोही दिसण्यातलं साम्य. फ्रॉमसॉफ्टवेअर एकच मूर्ती, एकच थडगं, एकच झाडाचं मॉडेल अनेक जागी वापरते. पुतळ्याची घडी जुळली एवढ्यावर नातं जोडलं की पाय घसरलाच.

मेलिनाची थिअरी मात्र या सगळ्यांत सर्वांत सशक्त, म्हणून तिला वेगळा वेळ दिला. बाजूनं: फ्रेंझिड फ्लेम या वेड लावणाऱ्या ज्योतीची बाजू घेतल्यावर येणाऱ्या शेवटात ती मिटलेला डावा डोळा उघडते, त्याचा रंग संधिप्रकाशासारखा असतो, आणि ती डेस्टिन्ड डेथ, म्हणजे अटळ मरणाची शक्ती, घेऊन तुमच्या मागावर येण्याचं वचन देते. ग्लोम-आइड क्वीनच्या अपॉसलांची, म्हणजे अनुयायांची, काळी ज्योतही पूर्वी देवांना मारू शकायची. मॅलिकेथनं डेस्टिन्ड डेथ बंदिस्त केला आणि ती ताकद गेली. विरोधात: मेलिना सांगते की तिला तिचं काम एर्डट्री या सोनेरी महावृक्षाच्या आत आईनं दिलं. राणी मात्र फिंगर्सनी, म्हणजे ग्रेटर विलच्या दूतांनी, निवडलेली एम्पिरियन, म्हणजे देवपदाची उमेदवार, होती आणि मॅलिकेथकडून हरली. मॅलिकेथ तर मारिकाचीच सावली, म्हणजे तिला बांधलेला रक्षक. स्वतःच्या मुलीविरुद्ध मारिकाची सावली लढली असेल का? असेलही, पण त्याला आधार देणारी एकही वस्तू सापडत नाही. विस्तारात मारिकाचा मुलगा मेस्मर याच्या किंडलिंग या वस्तूच्या वर्णनात त्याच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख येतो, नाव न घेता. मेलिना मारिकाची मुलगी आहे या बाजूचं पारडं त्यानं जड झालं, राणीचं नाही. आजच्या घडीला मेलिना मेस्मरची बहीण असणं जवळपास पक्कं मानता येतं, राणीशी जोडणं नाही.

आता ज्या थिअऱ्यांचं खरंच चीज झालं त्यांच्याकडे येऊ. त्यांचा प्रश्न 'हा कोण' असा नव्हता, 'इथे देव घडतो कसा' असा होता. मूळ गेममध्येच धागे होते. एम्पिरियन हा शब्द इंग्रजीत स्वर्गीय वाटतो, पण जपानी मजकुरात तिथे 'शिनजिन' आहे, शब्दशः देव-माणूस. माणूस देव होऊ शकतो, ही शक्यता त्या नावातच बसलेली आहे. न्युमेन या मारिकाच्या वंशाचं तसंच. पात्र बनवताना गेम सांगते की न्युमेन दुसऱ्या जगातून आलेल्यांचे वंशज मानले जातात, दीर्घायुषी असतात आणि क्वचितच जन्मतात. न्युमेन हा लॅटिन शब्द दैवी सत्ता सुचवतो. जपानीत तिथे 'मारेबितो' आहे, म्हणजे लोककथांतला पलीकडच्या जगातून अधूनमधून येणारा पाहुणा. इंग्रजी वाचणारे न्युमेनना जन्मजात देव समजत राहिले, जपानी वाचणाऱ्यांच्या मनात परक्या प्रदेशातून आलेले पाहुणे होते. एकाच मजकुरातून दोन वेगळ्या थिअऱ्या निघाल्या. म्हणून एकच सल्ला द्यायचा तर हा: थिअरीचा डोलारा एका इंग्रजी शब्दावर उभा असेल, तर मूळ जपानी शब्द शोधल्याशिवाय ती मान्य करू नका. संवाद ऐकताना मात्र अडचण उलटी असते. आवाज फक्त इंग्रजीत आहेत, आणि पात्राचा सूर, अडखळणं, थांबणं हे सगळं तिथेच कळतं.

विस्तारानं मारिकाचा उगम दाखवला तो एका गावातून. शॅडो कीपच्या मागचा हिंटरलँड, आणि त्यात शमन व्हिलेज. तिथे जायचं तर बॉनी व्हिलेजमधून 'ओ मदर' ही जेस्चर घ्यावी लागते आणि कीपमधल्या मारिकाच्या पुतळ्यासमोर करावी लागते. वाटेवर ट्री सेंटिनल्स पहारा देतात. त्यांच्याशी लढत बसू नका, घोडा पळवा. गावात लढाई नाही, बॉस नाही. फुलं, एक छोटा सोनेरी वृक्ष आणि दोन वस्तू. मायनर एर्डट्री हा मंत्र सांगतो की मारिकानं आपलं गाव सोन्यानं न्हाऊ घातलं, बरं करायला कुणी उरलेलं नाही हे पुरतं माहीत असूनही. गोल्डन ब्रेड (braid) हा ताईत म्हणजे तिनं आजीला वाहिलेली वेणी. ती पुन्हा घरी परतली नाही, असं वर्णन नोंदवतं. आता बॉनी जेलमधले जार आठवा, ज्यांत माणसांचं मांस एकजीव केलं जायचं. टूथ व्हिपचं वर्णन सांगतं की शमनांचं मांस इतरांशी सहज एकरूप होतं. मग गेट ऑफ डिव्हिनिटी जवळून पाहा. त्या दाराच्या भिंती माणसांच्या देहांनी रचलेल्या आहेत. जार, चाबूक, दार ही तिन्ही एकाच बैठकीत, याच क्रमानं पाहिली की मारिकाचं देवपण ज्या क्रौर्यातून आलं ते कुणी सांगावं लागत नाही. गावाचं नावही पाहा. जपानीत ते 'मिको'चं गाव आहे, आणि फिंगर मेडन, म्हणजे फिंगर्सच्या सेविका, यातल्या मेडनसाठीही 'मिको'च शब्द येतो. इंग्रजीत एकीकडे शमन आणि दुसरीकडे मेडन झाल्यानं तो दुवा तुटला.

मग मारिका बाहेरून आलेली न्युमेन की इथल्या गावची शमन? यावर बरीच भांडणं होतात, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. 'वंशज' हा शब्द न्युमेनच्या वर्णनात आधीपासूनच आहे. पूर्वज बाहेरून आले, गाव वसवलं, मारिका तिथे जन्मली, असं वाचलं की मजकुरातला एकही शब्द वाकवावा लागत नाही.

ग्रेटर विल मुकी आहे, ही थिअरी मूळ गेमच्या काळात अनेकांना अतिरेकी वाटायची. विस्तारात मेटर या बॉसला हरवून मिळणारा स्मृतिपदार्थ वाचा. ती सगळ्या टू फिंगर्सची आई, लँड्स बिटवीन या गेमच्या भूमीवर पडलेला पहिला तारा, आणि मोडून, टाकून दिल्यानंतरही ती पुढच्या संदेशाची वाट पाहत राहिली. विस्तारातलं पात्र काउंट यमिर याच आधारावर म्हणतो की मारिका आणि तिला वाट दाखवणारी फिंगर्स मुळापासूनच सदोष होती. थिअरी जिंकली, पण थोडी सावधगिरी हवी: यमिरला स्वतः आई व्हायचं आहे, त्याचं बोलणं निःस्वार्थी नाही. हायेटाही फ्रेंझिड फ्लेमच्या बाजूनं सांगते की सगळं एकाच महान तत्त्वातून निघालं आणि ग्रेटर विलनं चूक केली. ती त्याच ज्योतीची सेविका. या गेममध्ये धर्मोपदेशक खूप आहेत आणि प्रत्येक जण आपल्या देवाचा वकील आहे. संवादावर उभ्या थिअरीला वस्तूच्या वर्णनाचा किंवा जागेचा दुसरा आधार मिळाला नाही, तर अर्धेच गुण द्यावेत.

हा नियम मोहगच्या बाबतीत सर्वांत जास्त उपयोगी पडला. मोहग या रक्तपूजक बॉसनं मारिकाचा मुलगा मिकेला याला पळवून नेलं, हे २०२४ पर्यंत बहुतेक जण सत्य मानायचे. मिकेलाच्या हॅलिगट्री या झाडात कोशाची रिकामी जागा आणि मोहगचं रक्तानं माखलेलं शयनगृह, एवढ्यावर फारशी कुणाला शंका आली नाही. विस्तारात मोहगचा सेवक अँसबाक सांगतो की मोहगलाच मिकेलानं मोहित केलं होतं. मूळ वर्णनांत पळवणारा कोण हे दाखवलं होतं, पण कोणाच्या इच्छेनं, हे कधीच म्हटलेलं नव्हतं. मोकळी जागा वाचकांनी स्वतः भरली आणि मग तिलाच पुरावा मानलं.

ड्रॅगन प्लासिडुसॅक्सचा देव कोण, यावर मात्र पाच महिन्यांत एक पाऊलही पुढे सरकता आलं नाही. एर्डट्रीच्या आधीच्या युगात तो एल्डन लॉर्ड, म्हणजे देवाच्या जोडीचा राजा, होता, त्याचा देव निघून गेला आणि तो वाट पाहत राहिला, एवढंच हातात आहे. बाकीच्या सगळ्या थिअऱ्या हवेतच आहेत, त्या सोडून द्या.

गेमच्या फाइलींमधून काढलेला, वापरात न आलेला मजकूर हा आणखी एक सापळा. व्यापारी कालेची काढून टाकलेली क्वेस्ट चाहते पुराव्यासारखी वापरतात. खुद्द गेममध्ये नोमॅडिक मर्चंटच्या कपड्यांचं वर्णन ग्रेट कॅरव्हॅनला जिवंत गाडल्याची गोष्ट सांगतं, तेवढं पुरेसं आहे. गाळलेला मजकूर का गाळला हे कळत नाही, त्यामुळे त्याच्यावर काही उभारू नये. शिवाय सुरुवातीच्या पॅचेसनी काही पात्रांच्या कथा पूर्ण केल्या. मार्च २०२२ च्या १.०३ मध्ये अनेक क्वेस्टना नवे टप्पे मिळाले. त्याआधी लिहिलेली थिअरी आणि तिच्यावरचे आक्षेप वाचताना तारीख पाहणं भाग आहे.

सेंट ट्रिना ही गूढ संत आणि मिकेला एकच, ही थिअरी मूळ गेममध्येच बांधता येत होती. तिच्या नावाच्या तलवारीच्या वर्णनात ती मुलगी की मुलगा यावर लोकांत एकवाक्यता नाही, आणि लिलीची फुलं दोघांच्याही नावानं मिळतात. विस्तारात मिकेलानं तिला स्वतःपासून तोडून टाकलेलं दिसतं. तिचे शब्द ऐकायचे असतील तर स्टोन कॉफिन फिशरच्या तळाशी जाऊन तिचं मधुरस चार वेळा प्यावं लागतं. बहुतेक जण पहिल्या मरणानंतर ते नुसतं विष समजून उठतात, म्हणून तिथेच थांबून पुन्हा प्या. मग ती सांगते की देवपण मिकेलासाठी कैद ठरेल, त्याला देव होऊ देऊ नका, त्याला मारून क्षमा द्या. हे ऐकल्यावर मूळ गेमच्या शेवटी एर्डट्रीच्या आत जाऊन लटकलेली मारिका पुन्हा पाहा. तिच्या देहातून आरपार गेलेला तो दंड आता वेगळा दिसतो.