मुक्तिसंग्रामाच्या नाटकाला बंदूक कोणती? ठासणीची, मार्टिनी की थ्री नॉट थ्री

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन, जवळ आला की आमच्या धाराशिव-लातूरकडं गावोगावच्या शाळांत रझाकारांचं नाटक बसतं. सुताराला निरोप जातो, "पंधरा बंदुका करून द्या." तो एकाच मापाच्या पंधरा करतो. मग रझाकार, निजामाचा शिपाई आणि भारतीय जवान, तिघांच्या हातात एकच हत्यार! माप देण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

ठासणीची बंदूक सगळ्यांत लांब. १८५३ सालच्या एनफिल्डचा नमुना धरला तर साडेचार फुटांच्या वर. बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, .५७७ इंच, जवळपास १५ मिलिमीटर. १८५७ ला चरबीच्या काडतुसावरून भडका उडाला तो हिच्यामुळं. तोंडाकडून दारू, मग गोळी, मग गजानं ठासणं. सराईत शिपायाचेही मिनिटाला तीनच बार. १९४८ ला ही जुनाट झाली होती, पण नाटकात हवीच. रझाकारांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याकडंच आधुनिक बंदुका होत्या, बाकीच्यांकडं ठासणीच्या आणि तलवारी. गजानं ठासताना नटाला जो वेळ लागतो, त्यात प्रसंग आपोआप रंगतो.

मार्टिनी-हेन्री दिसायला देखणी. १८७१ ला ब्रिटिश फौजेत आली. दस्त्याखालचा दांडा खाली ओढायचा, एक काडतूस घालायचं, दांडा वर. हिच्या '.५७७/४५०' या आकड्यानं भलेभले गोंधळतात. गोळी .४५० इंचाची; .५७७ हा जुन्या स्नायडर रायफलच्या काडतुसाचा आकडा, त्याचंच तोंड आवळून हे बनवलं. १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टला सुमारे दीडशे ब्रिटिश शिपायांनी झुलू योद्ध्यांना हिच्याच जोरावर थोपवलं. नळी तापली की पातळ पितळी काडतूस आत अडकायचं, हे दुखणं मात्र होतं. १८५७ नंतर हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार मिळे. गोऱ्याकडं मार्टिनी तेव्हा आपल्या शिपायाकडं स्नायडर. १९४८ च्या नळदुर्गच्या लढाईच्या प्रसंगाला मी मार्टिनी घेणार नाही. फार तर जमीनदाराच्या वाड्यात भिंतीवर टांगा.

राहिली थ्री नॉट थ्री. हा आकडा सालाचा नव्हे, मॉडेलचाही नव्हे, नळीचा बोअर .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. मार्टिनीची गोळी ३१ ग्रॅमची, हिची ११ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास, मार्टिनीच्या पावणेदोन पट. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, आणि मार्टिनीसारखा पांढऱ्या धुराचा लोट नाही. दोन्ही महायुद्धं हिनं पाहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या फौजेनं बोरी नदीवरचा पूल घेतला आणि नळदुर्गची फळी फोडली, त्या जवानाच्या हातात हीच शोभते. निजामाच्या पलटणीतल्या शिपायालाही हीच द्या.

इथं एक चूक हमखास होते. भाड्याच्या सामानात किंवा इंटरनेटवरच्या फोटोत चौकोनी मॅगझिनची जी रायफल दिसते, ती बहुधा इशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यातली २ए१. बांधा तोच, पण काडतूस ७.६२ मिलिमीटरचं आणि जन्म १९६२ च्या युद्धानंतरचा. रझाकाराच्या हातात ती दिली तर जाणता माणूस तोंड दाबून हसेल. इशापूरनं काही जुन्या रायफलींची नळी .४१० बोअरची करून पहाऱ्यावरच्या पोलिसांसाठी एकबारी बंदूकही केली; तीही लांबून थ्री नॉट थ्रीच वाटते.

कुणाच्या माळवदावर खरी बंदूक सापडलीच, तर ती तालमीला आणू नका. .३०३ हा बोअर साध्या परवान्यावरही मिळत नाही.

पंधरातल्या सात थ्री नॉट थ्री करा: पाच जवानांना आणि शिपायांना, दोन रझाकारांच्या म्होरक्यांना. सहा ठासणीच्या. उरलेल्या दोघांना तलवारी. सुताराला सांगा, थ्री नॉट थ्री पावणेचार फुटांची, लाकूड थेट तोंडापर्यंत, पुढचं टोक बोथट, आणि बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याची, मूठ उजवीकडं. गेल्या वर्षी आमच्या सुतारानं ती डावीकडं बसवली होती.