स्पीकर चार दिसतात, वाजतात दोन

गिटार अॅम्पचं सेकंडहँड ४×१२ कॅबिनेट, म्हणजे बारा इंची चार स्पीकरांची पेटी. मागच्या पट्टीवर छापलेलं: ३०० वॅट, १६ ओम. विक्रेत्याने दुकानातल्या अॅम्पवर वाजवून दाखवलं, आवाज दणदणीत. घेणाऱ्याकडे १०० वॅटचं ट्रान्झिस्टर हेड (स्पीकर नसलेला नुसता अॅम्प) होतं, किमान लोड ८ ओम, म्हणजे त्याहून कमी ओमचे स्पीकर त्याला चालत नाहीत. १६ ओमचं एक कॅबिनेट आधीपासून होतंच. १६ आणि १६ समांतर, म्हणजे बरोबर ८. हिशेब चोख.

पण पाऊण तास वाजलं की हेड तापून बंद. विक्रेता म्हणे, "तुमचा अॅम्पच नाजूक आहे."

मागची फळी उघडली तेव्हा खरं कळलं. १६ ओमच्या चार स्पीकरपैकी दोघांच्या व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) जळलेल्या. त्यांच्या वायरी सोडवून टेप गुंडाळलेली, आणि उरलेले दोन समांतर जोडलेले. लबाडी इथेच आहे. ते दोन एकापाठोपाठ जोडले असते तर ३२ ओम झाले असते, आवाज पडला असता आणि गिऱ्हाइकाला लगेच संशय आला असता. समांतर केल्यावर ८ ओम होतात आणि ट्रान्झिस्टर अॅम्प त्यांत उलट जास्त करंट ढकलतो. म्हणून तो दणदणाट! ३०० वॅटची क्षमता मात्र निम्मी झालेली.

आता ८ आणि १६ समांतर धरा: साधारण ५.३ ओम. १०० वॅटला ८ ओमवर लागतो सुमारे ३.५ अँपिअर, तेवढ्याच व्होल्टेजला ५.३ ओमवर लागतात ५.३. दीडपट करंट आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. संरक्षण सर्किट होतं म्हणून हेड नुसतं बंद पडत होतं, नाहीतर ट्रान्झिस्टर उडाले असते. व्हॉल्व्ह अॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) असा एका पायरीचा फरक, म्हणजे १६ च्या जागी ८, बहुधा काही काळ सोसतो, पण व्हॉल्व्ह लवकर थकतात.

हे सगळं साध्या मल्टिमीटरने दुकानातच पकडता येतं. स्पीकर केबल कॅबिनेटमध्ये लावा, दुसरं टोक मोकळं. मीटर २०० ओमवर. आधी प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायला ठेवा, मग केबलच्या मोकळ्या बाजूच्या जॅकच्या टोकावर आणि बाहेरच्या नळीवर टेकवा. मीटरवर दिसणारा डीसी रोध छापील ओमपेक्षा कमीच येतो: १६ ला साधारण १२-१३, ८ ला ६-७, ४ ला ३ च्या आसपास. इथे पट्टी १६ म्हणत होती आणि मीटर ६.३. कॅबिनेटवर ४/१६ ओम निवडायचा स्विच असेल तर तो कुठे आहे ते आधी बघा, नाहीतर विनाकारण भांडण.

चारही वाजतात का, तेही मीटरच सांगतो. जाळी काढून प्रत्येक स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी सारख्या दाबाने हळूच ढकला. जिवंत स्पीकरवर आकडा नाचतो, मेलेल्यावर ढिम्म. ढकलताना खरखर आली तर कॉइल घासतेय. जाळी काढू देत नसतील तर तो सौदा तिथेच सोडा.

हे आकडे समोर ठेवल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "वाजतंय ते ऐकूनच नेलंत ना?"