डॉक्टर व्हायला तीन वर्षं की चार?
अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण हा रूढ साचा. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर तो पक्का झाला. कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ मात्र १९६९ पासून तीन वर्षांतच हा अभ्यासक्रम पूर्ण करून घेतं, उन्हाळ्याच्या लांब सुट्ट्या न देता. एका वर्षाची फी वाचते, कमाई लवकर सुरू होते. कर्ज काढून शिकणाऱ्याला हा मोठाच दिलासा. पण चौथ्या वर्षात विद्यार्थी वेगवेगळ्या विभागांत काम करून पाहतो आणि मग शाखा निवडतो. तीन वर्षांत ही निवड घाईची होते. ज्याचं आधीच ठरलंय, विशेषतः फॅमिली मेडिसिनकडे जाणाऱ्याचं, त्याला तीनच वर्षं द्यावीत. इतरांना चौथं हवंच; फक्त पुढच्या प्रशिक्षणाची जागा मिळवण्यासाठीच्या मुलाखतींच्या धावपळीत जाणारा त्यातला वेळ रुग्णांजवळ गेला पाहिजे.