ट्यूबवाली एअर गादी : झोपायला चांगली, उठायला नाही

साडेतीन स्टार. घाईत असाल तर एवढंच वाचा : ज्याला कमरेखाली काही कळत नाही, त्याला एकाच जागी दाब पडून जखमा (बेडसोर) होऊ नयेत म्हणून सुरुवातीचे महिने ही गादी घ्याच. पण गादी आली म्हणून रात्री कूस बदलून देणं बंद करू नका.

माझा मोठा भाऊ कूलर बसवताना छज्ज्यावरून पडला. मार्च संपता संपता नागपुरात घरोघरी हेच काम चालू असतं. डी-१०, म्हणजे पाठीचा दहावा मणका मोडला आणि मज्जारज्जूला मार लागला. म्हणजे साधारण बेंबीपासून खाली स्पर्श नाही, हात मात्र धडधाकट. दवाखान्याच्या सुट्टीच्या कागदावर नुसतं ‘एअर मॅट्रेस’ लिहिलेलं. कोणती, किती जाड, काही नाही.

दुकानात आधी बबलवाली दाखवतात, कारण ती स्वस्त. दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळते. पातळ असते, एका जागी पंक्चर झाली तर तेवढाच भाग बदलता येत नाही. ट्यूबवालीत आडव्या नळ्या वेगवेगळ्या असतात, एक फुटली तर तेवढी बदलता येते. किंमत बबलवालीच्या दुपटी-तिपटीला जाते, तरी वहिनीनं हीच घ्यायला लावली आणि ते बरोबर होतं. त्याच दुकानात बसायला रबरी रिंगही पुढे करतात. ती अजिबात घेऊ नका. मधला भाग मोकळा राहतो, पण कडेच्या गोलाकारावर दाब वाढतो आणि रक्तपुरवठा आणखी अडतो.

काम कसं करते ते सांगतो. पंप एक आड एक नळ्या भरतो, थोड्या मिनिटांनी त्या सोडून दुसऱ्या भरतो. आपण झोपेत नकळत हलत असतो. दादाला अवघडल्याचं कळतच नाही, म्हणून दाबाची जागा गादीनं बदलायची. पण फक्त थोडीशी. दर दोन तासांनी कुशीवर करणं आमच्याकडे चालूच राहिलं, रात्रीचे गजर वहिनी आणि मी वाटून घेतले. पूर्ण आडवं कुशीवर केलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून अर्धवट कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. टाचांचं काम ही गादी करत नाही.

पंपाचं बटण दुकानातल्या पोरानं “फुल ठेवा” म्हणून फिरवून दिलं. फुल ठेवलं की गादी टणक होते आणि मग साध्या गादीत न् हिच्यात फरक काय? वजनाप्रमाणे ठेवा आणि हातानं तपासा : माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवायचा. हाड हाताला टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे.

वर एकच पातळ सुती चादर. आमच्या आईला हे पटेना. “एवढ्या प्लास्टिकवर कसा झोपन तो बाप्पा?” म्हणत ती गोधडी घालायची, आम्ही काढायचो. जाड काही घातलं की खालच्या नळ्यांचा उपयोग उरत नाही. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं म्हणा. मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की हे प्लास्टिक तापतं, पाठ ओली राहते आणि ओली कातडी लवकर सोलते. चादर दिवसातून दोनदा बदलावी लागली.

सर्वांत मोठी तक्रार पंपाची. आवाज फार नाही, म्हणून पेटीवर कौतुकानं छापलंय. पण आमच्या खोलीत कूलर चालतो! त्या घरघरीत पंप बंद पडला तरी पत्ता लागत नाही, आणि या मॉडेलला अलार्म नाही. लाइट गेल्यावर हवा उतरत जाते. वीज मात्र फार खात नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पंप इन्व्हर्टरच्या लाइनवरच घ्या आणि त्याचा दिवा झोपलेल्याला दिसेल असा पायथ्याशी टांगा. आमच्याकडे लक्ष ठेवण्याचं काम दादानंच घेतलं. त्याला तेवढं तरी स्वतःचं काम मिळालं.

कातडी रोज सकाळी पाहायची. लाली बोटानं दाबल्यावर फिकी पडली नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. आपल्यासारख्या सावळ्या अंगावर लाली उशिरा दिसते, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं गरम किंवा कडक लागतंय का तेही बघा. दादाला अजून जखम झालेली नाही. त्याचं श्रेय मी गादीला अर्धंच देईन, उरलेलं वहिनीला.

आता दीड स्टार कुठे गेला ते. फिजिओथेरपिस्टनं दादाला पलंगाच्या कडेवर बसायला आणि फळीवरून व्हीलचेअरवर सरकायला शिकवायला घेतलं, तेव्हा ही गादी शत्रू झाली. कडेला बसलं की नळी दबते आणि माणूस नावेत बसल्यासारखा डुलतो. पोटाचे स्नायू अर्धेच चालतात, तोल हातांवरच. हात टेकवला की हातही खाली जातो. “हे मले उठूच देत नाही,” असं तो दोनदा चिडून बोलला, आणि खरंच होतं. आम्ही घरचे मात्र गादी काढायला घाबरत होतो. आमची झोप तिच्यावर टेकलेली होती ना. महागड्या मॉडेलमध्ये सगळ्या नळ्या एकदम कडक करायचं बटण येतं. पुढे चालून उठण्या-बसण्याचा सराव करायचा असेल तर तेवढे पैसे जास्त घाला.

शेवटी डॉक्टरांना विचारून, कातडी नीट आहे हे बघून, दादा जाड फोमच्या गादीवर आला. आधी दुपारी तासभर, मग रात्री. सुरुवातीला कातडी जास्त वेळा पाहिली. आता तो पलंगाला धरून स्वतः कूस बदलतो, माझा गजर बंद झाला.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. ट्यूबवालीनं पलंग चार-पाच इंच उंच होतो आणि व्हीलचेअरवरून पलंगावर सरकणं म्हणजे चढण होते. दोन्हींची उंची, खुर्चीतल्या कुशनसकट, सारखी हवी. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं सुतार बोलावून दिवाणाचे पाय कापून दिले, आणि गादी बदलल्यावर दिवाण इतका खाली गेला की आता पायांखाली लाकडी ठोकळे ठेवलेत. गादी कोणती राहणार ते आधी ठरू द्या, सुताराला नंतर बोलवा.